खेळाडूची मजुरी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला पत्र पाठवले तेव्हा विषय आमच्यावर सोपवला होता. कामगार चळवळीतला माणूस आहे, तेव्हा नव्या कामगार संहितांवर बोलेल असा त्यांचा अंदाज असावा. एका फुटबॉलपटूवर बोलणार असे आम्ही कळवले, तेव्हा चिटणीसांनी फोन करून दोनदा खात्री करून घेतली. आम्ही स्वतः फुटबॉल कधी खेळलो नाही. आमचे शालेय शिक्षण दहावीच्या अलीकडेच संपले. पुढचे जे काही झाले ते लेथवर आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा खेळाच्या बारकाव्यांत चूक झाली तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे. मजुरीच्या हिशेबात चूक झाली तर मात्र अवश्य कान धरावा.

आमच्या गल्लीतली पोरे मँचेस्टरच्या क्लबाचे लाल सदरे घालून हिंडतात. त्यांच्यातला एक आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगत होता की, अमुक खेळाडूला आठवड्याला इतके लाख पौंड मिळतात. आठवड्याला हा शब्द ऐकून आम्ही थबकलो. कोट्यधीशाचा पगार आठवड्यावर का मोजतात? आठवड्याचा पगार म्हणजे मजुराचा पगार. तो धागा धरून आम्ही मागे मागे वाचत गेलो, आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका खाणकामगारापाशी येऊन थांबलो. आजचे व्याख्यान त्याच्यावर आहे.

हा खेळ आपण समजतो तसा हौशी लोकांच्या फुरसतीतून वाढलेला नाही. इंग्लंडात १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या बायका-मुलांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबले, आणि पुढे हळूहळू पुरुषांनाही शनिवारची दुपार मोकळी मिळू लागली. त्या मोकळ्या दुपारी लोक मैदानाकडे वळले. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली. सुट्टी मिळाल्याखेरीज प्रेक्षक नाही, आणि प्रेक्षकाखेरीज धंदा नाही. १८८५ साली इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने पैसे घेऊन खेळायला परवानगी दिली आणि १८८८ साली लीग सुरू झाली. तिकिटाचा किमान दर सहा पेन्स ठरला. खेळ हे काम झाले, आणि काम म्हटले की मालक आला, मस्टर आले, करार आला.

वेल्स हा इंग्लंडच्या पश्चिमेला लागून असलेला डोंगराळ मुलूख. त्याच्या उत्तर भागात, अगदी सीमेवर, चर्क नावाचे कोळशाच्या खाणीचे गाव आहे. तिथे ३० जुलै १८७४ रोजी विल्यम मेरेडिथ जन्मला. सारे त्याला बिली म्हणत. बाराव्या वर्षी तो ब्लॅक पार्क खाणीत उतरला. सुरुवातीचे काम खाणीतली तट्टे हाकण्याचे. गावचे शाळामास्तर टी. ई. थॉमस यांना फुटबॉलचे वेड होते. त्यांच्या हाताखालून वेल्सचे कितीतरी नामवंत खेळाडू तयार झाले. दिवसा खाण, उरल्या वेळात चेंडू, असे या पोराचे चालले होते. वयाच्या विसाव्या वर्षी, १८९४ मध्ये, मँचेस्टर सिटी क्लबाने त्याला उचलले. क्लबाचा माणूस न्यायला आला तेव्हा गावकऱ्यांनी त्याला तळ्यात बुचकळला, अशी कथा सांगतात. ती खरी असो नसो, आपल्या गावचा चांगला हात शहराने नेला म्हणजे गावाला काय वाटते ते आपल्याला सांगायला नको.

क्लबात नाव घातल्यावरही त्याने खाण लगेच सोडली नाही. पहिला सामना ऑक्टोबरमध्ये दूर ईशान्येला न्यूकॅसल येथे होता. रात्रीचा प्रवास करून तो तिथे गेला, खेळला, हरला, परत आला आणि पुन्हा खाणीत उतरला. १८९५ च्या जानेवारीत त्याने पगारी खेळाडू म्हणून सही केली.

त्या काळी संघात आघाडीचे पाच गडी असत. मेरेडिथ उजव्या कडेचा. मैदानाच्या चुन्याच्या रेषेला खेटून चेंडू घेऊन धावायचे, समोरच्या बचाववाल्याला हूल द्यायची आणि कोपऱ्याजवळून चेंडू मधल्या गड्यांच्या डोक्यावर घालायचा, हे त्याचे काम. चेंडू मधल्याने मारला की टाळ्या मधल्याला. पण याच्या धावण्यावर लोक इतके खूष की नुसते त्याला बघायला तिकीट काढत. खेळताना तो दातात एक काडी धरी. खाणीत तंबाखू चघळायची सवय होती तिची ही मैदानी आवृत्ती, असे म्हणतात. व्यंगचित्रकारांनी ती काडी प्रसिद्ध केली. बांध्याने काटक, पाय किंचित बाकदार, चेहरा गंभीर. पुढाऱ्यासारखा मुळीच नाही.

आता मजुरीकडे येऊ. १९०१ पासून फुटबॉल असोसिएशनने नियम लागू केला की कोणत्याही खेळाडूला आठवड्याला चार पौंडांहून अधिक देता येणार नाही. जिंकल्याचा बोनसही बंद. त्या काळच्या कुशल कारागिराला आठवड्याला दोन पौंड पडले तर नशीब समजत, तेव्हा चार पौंड म्हणजे उपासमार नव्हे. ही बाजू आम्ही मुद्दाम सांगतो. मालकाची बाजू लपवून केलेले भाषण सभेत टाळ्या मिळवते आणि वाटाघाटीच्या टेबलावर तोंडघशी पाडते. नियमाचे कारणही दिले जाई, की श्रीमंत क्लबांनी सगळे चांगले गडी विकत घेतले तर लहान क्लब मरतील. भागधारकांच्या लाभांशावरही शेकडा पाचची मर्यादा होती. परंतु हिशेब करून पाहा. एका सामन्याला २० हजार माणसे आली, प्रत्येकाचे सहा पेन्स धरले, तर गल्ला ५०० पौंड. अकरा जणांचा आठवड्याचा पगार ४४ पौंड. मैदानाचा खर्च, रेल्वेभाडे, राखीव गड्यांचे पगार वजा करा. पोरांना तिकीट अर्धे होते तेही वजा करा. तरी उरते ते कोणाच्या धावण्यातून आले?

याहून वाईट गोष्ट दुसरी होती. खेळाडूचे नाव एका क्लबाकडे नोंदले गेले की हंगाम संपल्यावरही क्लब त्याला आपल्या यादीत धरून ठेवू शके. करार संपला, पगार थांबला, तरी क्लबाने सोडचिठ्ठी दिल्याखेरीज लीगमधल्या दुसऱ्या क्लबाकडून खेळता येत नसे. सोडचिठ्ठीची किंमत दुसरा क्लब पहिल्या क्लबाला देई. आपल्याकडे सालगडी पाडव्याला मोकळा होतो. अंगावर उचल फिटायची राहिली असेल तर नाही, पण निदान साल संपले हे तरी मान्य असते. या गड्याने एक पैशाची उचल घेतलेली नसली तरी त्याचे साल संपत नव्हते.

अशा नियमांचे जे होते तेच झाले. वरून चार पौंड, खालून पाकीट. २३ एप्रिल १९०४ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मैदानावर साठ हजारांहून अधिक लोकांसमोर मँचेस्टर सिटीने बोल्टनला एका गोलाने हरवून असोसिएशनचा कप जिंकला. गोल मेरेडिथचा, कर्णधारही तोच. त्या क्लबाचा तो पहिला मोठा विजय. पाकिटे जाड झाली असतील यात नवल नाही.

पुढच्या वर्षी हंगामातल्या शेवटच्या सामन्यात गाठ अॅस्टन व्हिला संघाशी होती आणि जिंकले तर सिटीला लीगचे विजेतेपद मिळण्याची आशा होती. ते हरले. मागाहून व्हिलाच्या कर्णधाराने, अॅलेक लीक याने, सांगितले की मेरेडिथने आपल्याला सामना सोडण्यासाठी दहा पौंड देऊ केले. चौकशी झाली. ऑगस्ट १९०५ मध्ये मेरेडिथला दोषी ठरवून पुढच्या एप्रिलपर्यंत खेळण्यास बंदी घातली. (त्याच साली पुण्यात मँचेस्टरच्या कापडाची होळी पेटली होती. त्या गावच्या गिरण्यांतला कामगार शनिवारी कुणाला बघायला जातो, याचा विचार करायला तेव्हा आपल्याकडे सवड कुणाला असणार?)

प्रथम त्याने साफ नाकारले. पण बंदीच्या काळात क्लबाने पैसे देणे थांबवले तेव्हा त्याने तोंड उघडले. लाच आपण मॅनेजर टॉम मेली यांच्या सांगण्यावरून देऊ केली होती, असे तो म्हणाला. आणि क्लब चार पौंडांच्या वर पगार देतो हेही सांगून टाकले. १९०६ मध्ये असोसिएशनने क्लबाला झोडपले. मॅनेजर कायमचा बाहेर, अध्यक्षावरही कारवाई, १७ खेळाडूंवर १ जानेवारी १९०७ पर्यंत बंदी आणि दंड.

आता या माणसाला आम्ही व्यासपीठावर का आणले, असे तुमच्यातले कोणी मनात म्हणत असतील. लाच देऊ करणारा, पाकीट घेणारा, पाकीट बंद झाल्यावर साथीदारांसकट सगळ्यांना उघडे पाडणारा. दहा पौंडांच्या बाबतीत आम्ही त्याला सोडत नाही. वरून हुकूम होता ही सबब आम्ही खात्याच्या चौकशीत शेकडो वेळा ऐकली आहे आणि तिच्यावर आमचा विश्वास कमीच. पण पाकिटाच्या बाबतीत आम्हाला आमची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

ज्या कारखान्यात आम्ही युनियन बांधली, त्याचे नाव सांगत नाही, तिथे एक टर्नर होता. असा हात आम्ही पुन्हा पाहिला नाही. साहेब त्याला पगाराच्या दिवशी वेगळे पाकीट देत. वेतनकराराच्या सभेला तो येई, मागच्या भिंतीला टेकून उभा राही आणि हात वर करायची वेळ आली की चहाला जाई. आम्ही त्याच्यावर मनातून जळत होतो. चार-पाच वर्षांनी यंत्रावर त्याची दोन बोटे गेली. पाकीट कोणत्याच कागदावर नव्हते. भरपाईचा हिशेब निघाला तो कागदावरच्या पगारावर. तेव्हा तो युनियनच्या कचेरीत आला. आम्ही त्याला काय सुनावले ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही. तो खुर्चीतून उठला आणि गेला, पुन्हा आला नाही. वर्गणी न भरणाऱ्याला आम्ही बोललो, यात नियमाने काही चुकले नव्हते. नियमाने.

मेरेडिथच्या चरित्रात त्याचा टर्नर आम्हाला भेटला. पण तिथे गोष्ट वेगळ्या वाटेने गेली, म्हणून पुढे सांगतो.

बंदी भोगत असतानाच तो त्याच गावातल्या मँचेस्टर युनायटेड क्लबात गेला. सिटीचे आणखी तीन चांगले गडीही तिकडे गेले. १ जानेवारी १९०७ रोजी बंदी उठली, आणि त्याच दिवशी तो युनायटेडकडून उतरला. समोर संघ कोणता? अॅस्टन व्हिला! उजव्या कडेवरून त्याने चेंडू आत घातला, सँडी टर्नबुलने गोल केला, सामना एक शून्याने जिंकला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये युनायटेडचा टॉमी ब्लॅकस्टॉक नावाचा खेळाडू राखीव संघाच्या सामन्यात डोक्याने चेंडू मारल्यावर कोसळला आणि मेला. मृत्यू नैसर्गिक कारणाने झाला असा चौकशीचा निर्णय झाला. घरच्यांना भरपाई मिळाली नाही. खाणीत दरड कोसळून मेलेल्या माणसाची विधवा कायद्याने काही मागू शकत होती, आणि १९०६ च्या नव्या कायद्याने तो हक्क जवळजवळ सर्व धंद्यांतल्या कामगारांना मिळाला होता. खाणीत वाढलेल्या माणसाला हा फरक बोचला नसता तरच नवल. २ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात खेळाडूंची सभा भरली, अध्यक्षस्थानी मेरेडिथ. खेळाडूंची युनियन त्या दिवशी उभी राहिली. याआधी १८९८ साली एक प्रयत्न होऊन बुडाला होता. चार पौंडांचा नियम आणि सोडचिठ्ठीची पद्धत काढून टाका, आणि अपघाताची भरपाई द्या, या युनियनच्या मुख्य मागण्या होत्या.

त्या सभेत कोणी उठून म्हणाला असेल का, की अरे, कालपर्यंत तू पाकीट घेत होतास? म्हणाला असेल. पण खुर्चीवर त्यालाच बसवले. ज्याला स्वतःचा भाव अधिक मिळू शकत होता तोच माणूस किमान भावाची भाषा बोलू लागला, तर त्याला मागचा हिशेब विचारत बसायचे नसते, हे त्या खेळाडूंना कळले होते. आम्हाला त्या दिवशी कळले नव्हते.

भरपाईच्या प्रश्नावर १९०९ साली वॉकर विरुद्ध क्रिस्टल पॅलेस या खटल्यात अपिलाच्या न्यायालयाने निर्णय दिला की पगारी फुटबॉलपटू हा कायद्याच्या अर्थाने कामगारच आहे. क्लबाचे म्हणणे, मैदानात तो स्वतःच्या बुद्धीने खेळतो, त्याला कोण हुकूम करतो? न्यायालय म्हणाले, कौशल्य असले म्हणून माणूस कामगार राहत नाही असे नाही. आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली आला आणि कुशल माणूस कामगार की अधिकारी हा वाद आजही आम्ही न्यायालयात लढतो.

१९०९ सालीच मोठी लढाई झाली. खेळाडूंची युनियन इतर कामगार संघटनांच्या महासंघात सामील होत होती. खाणकामगारांच्या संपाला फुटबॉलपटू पाठिंबा देणार, या कल्पनेने असोसिएशन बिथरली. हुकूम निघाला, १ जुलैपर्यंत युनियन सोडा, नाहीतर नोंदणी रद्द. देशभरच्या बहुतेक खेळाडूंनी मुकाट्याने राजीनामे दिले. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. उन्हाळ्याचे पगार थांबले की घरात काय होते ते आम्ही जाणतो. मँचेस्टर युनायटेडच्या गड्यांनी मात्र सही केली नाही. त्या वर्षीचा कप त्यांनी नुकताच जिंकला होता. पगार बंद झाला. चार्ली रॉबर्ट्स हा त्यांचा कर्णधार; त्याने पुढे आठवण सांगितली की एकदा क्लबाच्या कचेरीत पैसे मिळेनात तेव्हा एका गड्याने भिंतीवरचा आरसा काढून काखोटीला मारला, मग बाकीच्यांनीही हाताला लागेल ते उचलले, आणि कचेरी जप्ती आल्यासारखी दिसू लागली. वस्तू नंतर रॉबर्ट्सने परत मिळवल्या. सराव त्यांनी दुसऱ्या मैदानावर सुरू ठेवला आणि एक फोटो काढून घेतला. समोर पाटी, तिचा अर्थ ‘बहिष्कृत फुटबॉल क्लब, १९०९’. बहिष्कृत हा शब्द आपल्या देशात किती जड आहे ते आपण जाणतो. त्यांचा बहिष्कार दोन महिन्यांचा होता. पण ती पाटी पाहून इतर क्लबांतले गडी परत वळू लागले. हंगाम तोंडावर आला आणि ३१ ऑगस्टला समेट झाला. थकलेला पगार मिळाला, युनियनला मान्यता मिळाली.

मात्र महासंघ सोडण्याची अट पडली आणि पुढे खेळाडूंनी बहुमताने ती मान्य केली. चार पौंडांचे पुढे पाच झाले, तेही टप्प्याटप्प्याने आणि नोकरीची वर्षे भरल्यावर. १९१२ साली सोडचिठ्ठीच्या पद्धतीविरुद्ध किंगबी नावाच्या खेळाडूचा खटला युनियनने लढवला आणि हरला. खर्चाने युनियन खिळखिळी झाली. जिंकलो असे म्हणण्यासारखे त्यात फार नव्हते. फक्त युनियन जिवंत राहिली.

मेरेडिथ खेळत राहिला. युनायटेडबरोबर १९०८ आणि १९११ ची लीग जिंकली. वेल्सकडून ४८ सामने. आणखी कितीतरी झाले असते, पण इंग्लिश क्लब त्याला देशासाठी सोडत नसत. १९२० साली पंचेचाळिसाव्या वर्षी तो इंग्लंडविरुद्ध शेवटचा खेळला आणि वेल्स जिंकले. मग परत सिटीत. मार्च १९२४ मध्ये कपाच्या उपांत्य सामन्यात न्यूकॅसलविरुद्ध उतरला तेव्हा त्याला पन्नासावे चालू होते. पहिला सामना न्यूकॅसलशी, अखेरचाही न्यूकॅसलशी, दोन्ही हरलेले. मधे तीस वर्षे गेली. खाणीत तीस वर्षे काढणाऱ्याची फुप्फुसे जातात. याचे पाय राहिले. पुढे तो दारूचा गुत्ता चालवून राहिला आणि १९ एप्रिल १९५८ रोजी मँचेस्टरमध्ये वारला. म्युनिकच्या विमान अपघातात युनायटेडचे तरुण गडी गेले त्याला जेमतेम अडीच महिने झाले होते; म्हातारा गेल्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुरले त्या जागी दगडही नव्हता.

कमाल पगाराचा नियम तेव्हाही होता, आकडा वीस पौंडांवर आला होता. १९६० साली युनियनच्या सभा भरू लागल्या. अध्यक्ष जिमी हिल, हाही आघाडीचाच खेळाडू. मँचेस्टरच्या सभेत एक तरुण उठला आणि म्हणाला की माझा बाप खाणीत राबून मला मिळतात त्याहून कमी मिळवतो, मग वीस पौंड पुरे नाहीत का? सभा गप्प. तेव्हा बोल्टनचा टॉमी बँक्स उठला. हा स्वतः खाणीत काम केलेला. तो म्हणाला, असे सांगतात, की तुझ्या बापाला सांग, तुझे काम आम्हाला येते; पण शनिवारी तीस हजार लोकांसमोर स्टॅन्ली मॅथ्यूजला अडवायला तू ये. सभा संपाच्या बाजूने गेली. जानेवारी १९६१ मध्ये संपाच्या तारखेला तीन दिवस राहिले असताना कमाल पगार रद्द झाला. धरून ठेवण्याच्या पद्धतीला १९६३ साली धक्का बसला. तो खटला न्यूकॅसलने अडकवून ठेवलेल्या जॉर्ज ईस्टहॅमचा. तोही आघाडीचाच गडी.

मेरेडिथच्या थडग्यावर दगड बसवण्याचे २००१ साली ठरले. खर्च खेळाडूंची संघटना, वेल्सची फुटबॉल असोसिएशन आणि मँचेस्टरचे दोन्ही क्लब यांनी मिळून द्यायचे कबूल केले.

हे सगळे आम्ही त्या लाल सदऱ्यावाल्या पोराला सांगितले. युनियनचा भाग त्याने जांभया देत ऐकला. मग विचारले, “पण काका, तो गोल किती मारायचा?” आम्ही वहीत पाहून सांगितले, १८९८-९९ च्या हंगामात लीगमध्ये २९. पोरगा उठून बसला. “कडेला राहून?” म्हणाला.